धोक्याबाहेरचं वय

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी एकदा फळ्यावर तीन रेषा काढल्या. आडवं वय, आणि उभे त्या वयापर्यंत जिवंत उरलेले जीव. पहिली रेष सुरुवातीलाच कड्यावरून कोसळल्यासारखी खाली आली आणि मग तळाशी लांबवर आडवी पसरली. "ही कालवांची, बहुतेक माशांची," सर म्हणाले. "लाखांनी अंडी, आणि पहिल्या काही दिवसांतच जवळजवळ सगळी खलास. त्यातून जी सुटतात ती मग पुष्कळ जगतात." दुसरी रेष जिन्याच्या कठड्यासारखी एकसारखी उतरत गेली. ती बऱ्याचशा पक्ष्यांची. एकदा उडायला लागलेली चिमणी तरणी असो की जुनी, मरणाची शक्यता तिला साधारण सारखीच. तिसरी रेष वरच्या वर सपाट चालत राहिली आणि अगदी शेवटी वाकून खाली आली. ती हत्तीची आणि माणसाची.

मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, माणसाची लहान मुलंही मरतात की."

"आपल्याकडे मरतात," सर म्हणाले. त्यांनी तिसऱ्या रेषेची सुरुवात बोटानं पुसली आणि तिथे एक उतरती रेघ काढून मग पुढची सपाटी जोडली. "पण हा एवढा उतार ओलांडला की माणूस बराच काळ धोक्याबाहेर असतो. तुम्ही सगळे आत्ता इथे आहात." आणि त्यांनी सपाट भागावर खडूनं एक ठिपका दिला. आम्ही हसलो. त्या वयात सपाट भागावर असणं ही काही बातमी नव्हती.

आम्ही परळला चाळीत राहायचो. बाबा आणि दादा दोघेही गिरणीत, बाबा आता दम्यानं अर्धेअधिक दिवस घरीच. आमच्या मजल्यावरून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. त्यामुळे वर्गात शिकवलेलं ऐकायला घरात एक हक्काचं माणूस होतं, ते म्हणजे वहिनी. ती मालवणकडची, चौथी शिकलेली, माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठी. मी संध्याकाळी आले की ती चुलीपाशी बसून म्हणायची, "सांग गो, आज काय मारलं आणि काय कापलं?" कारण बेडकाची चिरफाड तिला एकदा सांगितली होती.

त्या दिवशी ती मासे साफ करत होती. पोटातून गाभोळी, अंड्यांची पिशवी, निघाली होती, ती तिनं वेगळ्या वाटीत ठेवली. मी तिला तिन्ही रेषा जमिनीवर ओल्या बोटानं काढून दाखवल्या. माशाची रेष तिला लगेच कळली. गावाला किनाऱ्यावर कासवांची पिल्लं वाळूतून बाहेर येतात तेव्हा ती लहानपणी त्यांना परकरात गोळा करून पाण्यापर्यंत न्यायची. कावळे आणि कुत्रे टपलेले असायचे. "पाण्यात सोडली की वाटायचं सुटली. मग माझे काका म्हणाले, आत मासे उभे आहेत तोंड उघडून. तेव्हापासून नाही गेले मी."

मग तिनं वाटीतल्या गाभोळीकडे पाहिलं. "ह्यात किती असतील?"

"लाखभर तरी."

"आणि जगली असती किती?"

"एखाददुसरं."

तिनं वाटी बाजूला सरकवली. "मग माझी रेष माशाची म्हण."

मी म्हटलं, "असं काय बोलतेस, तू माणूस आहेस."

"माणूसच गो. पण दोन्ही पहिल्या उताराला गेली."

ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. तेव्हा तिला सातवा महिना चालू होता. पहिलं मूल बारशाच्या आधीच धनुर्वातानं गेलं होतं. दुसरं बसायला लागलं होतं, गॅलरीचे गज धरून उभं राहायचं, ते एका पावसाळ्यात हगवणीनं गेलं. त्या दुसऱ्याचं नाव आमच्या घरात कोणी घेत नसे, आणि पहिल्याला नावच नव्हतं. मी त्या संध्याकाळी जमिनीवरची रेष पायानं पुसली. वहिनीनं गाभोळी तळली आणि आम्हाला वाढली, स्वतः घेतली नाही.

आमच्या शेजारच्या खोलीत काकी राहायच्या. त्या लवकर विधवा झालेल्या. गिरणीतल्या एकट्या राहणाऱ्या माणसांची खाणावळ चालवून त्यांनी एक मुलगा वाढवला होता. तो रेल्वेच्या वर्कशॉपात शिकाऊ फिटर होता. उंच, हातापायानं मजबूत, आणि जरा मोठ्यानंच बोलणारा. वहिनीला दिवस गेल्यापासून आमच्या पाण्याच्या कळश्या तोच वर आणून ठेवायचा. वहिनी नको म्हणाली तर म्हणायचा, "तुझ्यासाठी नाही आणत, आतल्या माणसासाठी आणतोय."

काकींची स्वतःची तीन मुलं आधी गेली होती, मग हा झाला आणि राहिला. त्यामुळे वहिनीला धीर द्यायचा अधिकार चाळीत त्यांनाच होता. पापड लाटायला बसल्या की त्या सांगायच्या, "पाच पावसाळे काढीपर्यंत पोर देवाचं. त्यानं मागितलं तर द्यायचं, उलट बोलायचं नाही. पाच काढले की मग आपलं. माझ्याकडे बघ." आणि मुलगा तेव्हा दारात दाढीला साबण लावून उभा असला की आम्हाला हसू यायचं. मला मनातून गंमत वाटायची की सरांनी खडूनं सांगितलेलं काकी पावसाळ्यांनी सांगतायत.

ते दिवस चळवळीचे होते. चाळीच्या फाटकावर गेरूनं मोठ्या अक्षरांत 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं लिहिलेलं होतं, आणि ते अक्षर काकींच्या मुलाचं होतं. तो आणि दादा मिळून सभांना जायचे, रात्रीची जेवणं तिथलीच भाषणं घोळवत व्हायची. वहिनी बाळंत झाली त्यानंतर थोड्याच दिवसांत दादा सत्याग्रहात पकडला गेला. मुलगा झाला हे त्यानं पाहिलं होतं, एवढंच.

मूल अशक्त होतं. पाचवीला आईनं पाटावर सटवाईची पूजा मांडली, कोरा कागद आणि टाक ठेवला. मी लहानपणापासून हे बघत आले होते आणि कॉलेजात गेल्यावर त्याला नावं ठेवायला लागले होते. त्या दिवशी मात्र मी गप्प बसले. पाचवी, बारावा, सव्वा महिना, उष्टावण, हे सगळे त्या उतारावरचे दगड होते. एकेका दगडापर्यंत पोहोचलं की बायका थांबून श्वास घेत होत्या. नाव बाराव्या दिवसाआधी का ठेवत नाहीत हे मला तेव्हा कळलं. वहिनी तर बाराव्यालाही तयार होईना. "आधी बाळसं धरू दे त्याला," ती म्हणाली. "नाव काय, कधीही ठेवता येतं." आईनं आग्रह केला नाही. मुलाला सगळे बाळ म्हणत राहिले.

मग जानेवारीत रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. त्यानंतर गिरण्यांचे भोंगे बंद झाले. रस्त्यावर दगड, जळलेले टायर, आणि मग संचारबंदी. आम्ही गॅलरीत उभ्या राहिलो तरी खालून कोणी ओरडायचं, आत जा. दूधवाला येईना. कॉलेज बंद होतं. अशात एका सकाळी बाळ अंगावर पिईना आणि दुपारपर्यंत तापानं फणफणलं.

आम्ही काय करू शकत होतो? कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या, वाळल्या की बदलल्या. आईनं ओव्याचा धूर केला. बाबा खाटेवर बसून खोकला दाबत होते, बाळाला त्रास होऊ नये म्हणून. बाळाची छाती प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. वहिनी त्याला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती आणि तिची नजर त्या छातीवरून हलत नव्हती.

"तुझ्या त्या रेषेवर हा आत्ता कुठे आहे गो?" तिनं विचारलं.

"उतारावर," मी म्हटलं.

"सपाटी किती लांब आहे?"

रेष हजारांची असते. त्यातले किती जातील आणि किती राहतील एवढंच तिला माहीत. वहिनीच्या मांडीवरचा हा एक कोणत्या बाजूचा, ते तिला विचारून उपयोग नव्हता. हे मी वहिनीला तेव्हा समजावून सांगू शकले असते, पण ते सांगण्यात काय अर्थ होता? मी नुसती घडी बदलली.

संचारबंदी थोडा वेळ उठली तेव्हा काकींचा मुलगा खाली धावला आणि नाक्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना जवळजवळ हाताला धरून घेऊन आला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली. म्हणाले, "छाती भरलीय. इंजेक्शन द्यायला हवं, पण माझ्याकडचं संपलंय. आणायला माणूस कुठे पाठवणार आता? शेक द्या. चमच्यानं दूध पाजत राहा, आईचंच काढून."

मी त्यांच्याबरोबर जिन्यापर्यंत गेले आणि विचारलं, "वाचेल का?"

"लहान आहे फार," ते म्हणाले. मग जिना उतरताना म्हणाले, "काही वाचतात."

काकींचा मुलगा त्यांना खाली सोडून परत आला आणि आमच्या उंबऱ्यावर बसून राहिला. त्याचं मोठ्यानं बोलणं त्या दिवशी कुठे गेलं होतं कोण जाणे. काकी शेकायला तव्यावर तापवलेली फडकी आणून देत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. आम्ही काही वेगळं केलं नव्हतं. आदल्या दिवशी जे करत होतो तेच करत होतो. बाळाला घाम फुटला, त्यानं डोळे उघडले आणि ते अंगावर पिऊ लागलं. वहिनी रडली नाही, तिला एकदम झोपच लागली, बसल्या बसल्या, बाळ अंगावर असतानाच. काकींनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. काकींचा मुलगा दारातून वाकून म्हणाला, "काय रे वाघा, घाबरवलंस की सगळ्यांना."

तेच मी त्याचं ऐकलेलं शेवटचं बोलणं असावं.

दुपारी नाक्याकडे गलका झाला. "बघून येतो," असं तो काकींना सांगून गेला म्हणे, मी ते ऐकलं नाही. मग आवाज आले. लाकडी फळी फरशीवर आपटावी तसे, कोरडे. आम्ही कड्या लावून आत बसलो. बऱ्याच वेळानं जिन्यावर पावलं वाजली, खालच्या मजल्यावरची दोन माणसं वर आली आणि आमच्या आणि काकींच्या दारांच्या मध्ये उभी राहिली. त्यांतला एक तोंडावर टॉवेल दाबून रडायला लागला.

काकी तांदूळ निवडत होत्या. त्या रडण्याच्या आवाजानं सूप खाली ठेवून बाहेर आल्या, त्या माणसांकडे न बघता सरळ आमच्या दारात आल्या आणि घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "बाळाला काय झालं?"

वहिनी बाळाला घेऊन समोरच उभी होती. बाळ जागं होतं आणि हात हलवत होतं. काकींनी ते पाहिलं. मग त्यांनी वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं, मग मागे वळून त्या माणसांकडे. एवढ्या वेळात कोणीही एक शब्द उच्चारला नव्हता.

त्याला गळ्याखाली पोलिसांची गोळी लागली होती. इस्पितळात नेईपर्यंत तो गेला होता. बायकांना तिकडे जाता आलं नाही. बाबा त्यांच्या दम्यासकट चारपाच माणसांबरोबर परवानगी घेऊन गेले. त्याला चाळीत वर आणूच दिलं नाही, फाटकापाशी गाडी थांबवून काकींना घटकाभर तोंड दाखवलं. गाडी गेल्यावर काकी फाटकाला धरून उभ्या राहिल्या. त्यांना वर कसं न्यायचं हे आम्हाला कळेना. शेवटी आई त्यांच्याजवळ खाली जमिनीवर बसली, आणि मग त्याही बसल्या.

पुढचे दिवस वहिनीला फार अवघड गेले. बाळ आता चांगलं होतं आणि चांगल्या बाळासारखं खणखणीत रडत होतं. दोन खोल्यांमध्ये लाकडाची पातळ फळी. बाळानं तोंड उघडलं की वहिनी त्याला छातीशी दाबायची, मोरीच्या कोपऱ्यात घेऊन जायची, त्याच्या तोंडाशी पदर धरायची. अंगाई म्हणणं तिनं बंद केलं. दुपटी गॅलरीत वाळत घालायची ती घरातच दोरीवर घालू लागली. पाण्याला जाताना काकींच्या दारावरून जावं लागे, तेव्हा ती बाळाला माझ्याकडे ठेवून जायची आणि मान खाली घालून जायची, जसं काही तिनं काकींचं काही नेलं होतं.

मी तिला म्हटलं, "अशानं त्याचा श्वास कोंडेल. आत्ताच कुठे बरा झालाय."

"मग काय करू सांग," ती म्हणाली. "तू शिकलीस ना, सांग."

कॉलेज उघडलं तेव्हा मी सरांकडे गेले. ते प्रयोगशाळेत बाटल्यांमधलं द्रावण बदलत होते. शेजारचा मुलगा गेला हे त्यांना सांगितलं. ते पुण्याकडचे, मोजकं बोलणारे. मी विचारलं, "सर, हे मरण त्या रेषेवर कुठे दाखवायचं?"

त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. "किती वर्षांचा होता?"

मी सांगितलं.

"तिथे," ते म्हणाले, "रेष किंचित खाली येते."

"किती?"

त्यांनी फळ्याकडे पाहिलं. खडू उचलला आणि परत ठेवला. "खडूच्या जाडीत मावेल इतकी. काढली तरी तुम्हाला दिसणार नाही." मग म्हणाले, "एकाची रेष नसते, पोरी. एक जण असतो, नाहीतर नसतो." ते मला कधी पोरी म्हणत नसत. आम्हा सगळ्यांना अहोजाहो करायचे.

हे मी वहिनीला सांगितलं नाही.

काकी एका दुपारी स्वतःच आल्या. दारातच उभ्या राहिल्या, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. बाळ रडत होतं आणि वहिनी त्याला घेऊन मोरीकडे निघाली होती.

"रडू दे त्याला," काकी म्हणाल्या. "तुला वाटतं मला ऐकू येत नाही?"

वहिनी तिथेच थांबली.

"बारसं करा आता," काकी म्हणाल्या. "किती दिवस बिननावाचं ठेवणार?"

वहिनी म्हणाली, "काकी, तुम्ही हो म्हणालात तर त्याचंच नाव ठेवते. माझ्या मनात आहे."

काकींनी मान हलवली. "नको. तू दिवसभर हाका मारशील. मी पलीकडे आहे." आणि त्या वळून गेल्या.

दादा सुटून आल्यावर बारसं झालं. आत्या म्हणून मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, दुसरंच एक साधं नाव. काकी आल्या नाहीत, पण घुगऱ्या त्यांनीच शिजवून पाठवल्या. खाणावळ त्यांनी पुन्हा सुरू केली होती. माणसं जेवायला यायची, कोणी मोठ्यानं बोलत नसे. वहिनीचा मुलगा रांगायला लागल्यावर उंबरे ओलांडून तिकडे जायचा. काकी त्याला हाकलत नसत आणि मांडीवरही घेत नसत. तो त्यांच्या भांड्यांशी खेळायचा, त्या भाकऱ्या थापत राहायच्या. वहिनी दारात उभी राहून बघायची. त्याला बोलवावं की राहू द्यावं, हे तिचं कधी ठरलं नाही.

दोनेक वर्षांनी काकींनी गावाला जायचं ठरवलं. तिथे दिराचं घर होतं. आम्ही त्यांना भाऊच्या धक्क्यावर पोचवायला गेलो. ट्रंक, वळकटी, आणि खाणावळीचं मोठं पातेलं. आगबोटीची शिट्टी झाली तेव्हा काकी वहिनीला सांगत होत्या की पोराला थंडीत पायमोजे घाल, त्याची छाती नाजूक आहे. वहिनी हो हो म्हणत होती. मुलाला बोटीत जायचं होतं. तो काकींच्या लुगड्याला धरून हट्टाला पेटला. काकींनी त्याची बोटं एकेक करून सोडवली, त्याला माझ्या कडेवर दिलं आणि फळीवरून चढून गेल्या. वरून त्यांनी हात केला असेल, गर्दीत आम्हाला त्या दिसल्या नाहीत.

महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या, दादानं पेढे वाटले. काकींच्या खोलीत तोवर नवं बिऱ्हाड आलं होतं, नवरा-बायको आणि म्हातारी सासू. आम्ही काकींना पत्र टाकलं होतं, उत्तर आलं नाही. गावाकडून आलेलं कोणी म्हणालं की त्यांना आता कमी दिसतं, पण घरचं सगळं करतात.

त्या नव्या बिऱ्हाडातल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात वहिनीला विचारलं होतं, "आधी इथे कोण राहायचं हो?"

"एक काकी होत्या," वहिनी म्हणाली. "गावी गेल्या." आणि पाणी किती वाजता येतं, ते तिनं त्यांना सांगितलं.